फ्रेंच लोकांना मी कुठल्या तोंडाने क्रोसाँ सांगू?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

मी मूळची सांगलीकडची, वय ३८. नवऱ्याच्या विमान कंपनीतल्या नोकरीमुळे ९ वर्षांपूर्वी आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला आलो. मुलगी शाळेत रुळल्यावर मी इथला पेस्ट्रीचा सरकारी कोर्स, ज्याला सगळे सेआपे म्हणतात, तो पूर्ण केला आणि आता घराजवळच्या एका बेकरीत सकाळच्या पाळीला काम करते. आमच्या वस्तीचं एक मंडळ आहे, दर महिन्याला हॉलमध्ये काहीतरी चाखायचा कार्यक्रम असतो, कधी चीज, कधी मध, कधी वाइन, आणि सोबत कुणीतरी जाणकार अर्धा तास बोलतं. नोव्हेंबरचा विषय क्रोसाँ (बटरच्या पदरांची ती चंद्रकोरी पेस्ट्री) ठरला आणि बोलायला मला विचारलं, मी आनंदात हो म्हणून बसले. मग मीटिंगमध्ये एक सत्तरीचे काका हसत म्हणाले, मादाम, तुम्ही त्यापेक्षा भारतीय मिठायांवर बोला ना, आम्हाला ते जास्त आवडेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी नवरा म्हणतो, काका बरोबर बोलतायत, उगाच हसं करून घेऊ नकोस, गुलाबजाम कर, हिट होतील. माझं फ्रेंच कामापुरतं ठीक आहे पण उच्चार अजून आपलेच. लहानपणी दिवाळीत आईशेजारी बसून चिरोट्यांना साटा लावायचे, एवढाच माझा वारसा. (तसे दुकानात क्रोसाँ फ्रोझनच येतात, मी सकाळी फक्त भाजते, गेल्या वर्षभरात हाताने एकही केलेला नाही.) मंडळातले निम्मे लोक आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक आहे, कुणी विचारलं तर काय सांगू? सरळ नाही म्हणून टाकू का?

*

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी काका, कारण निम्मं पत्र त्यांनीच खाल्लंय.

काकांनी तुमचा अपमान केला असं तुम्ही थेट लिहिलं नाहीये पण ते लागलंय हे कळतं. आता मी तिथे नव्हते, त्यामुळे काका कुठल्या सुरात बोलले ते मला माहीत नाही. असं असू शकतं की त्यांना मनापासून गुलाबजाम, बर्फी यांच्याबद्दल ऐकायचंय, सत्तर वर्षं क्रोसाँ खाऊन झालेत आणि आता काहीतरी वेगळं हवंय. असंही असू शकतं की भारतीय बाई म्हणजे भारतीय गोष्टच सांगणार हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. आणि तिसरं म्हणजे हो, थोडा खवचटपणाही असू शकतो, तो काय फक्त पुण्यातच पिकतो असं नाही. पण तिन्हीत तुमचं उत्तर एकच राहतं बघा. 'हो काका, चिरोट्यांचा कार्यक्रम मार्चमध्ये ठेवू, नोव्हेंबरमध्ये क्रोसाँ.' हसून म्हणायचं आणि पुढच्या विषयाकडे जायचं. मंडळाने विषय आधी ठरवला आणि मग तुम्हाला विचारलं, हा क्रम विसरू नका. क्रोसाँवर बोलणारं माणूस हवं होतं म्हणून तुमच्याकडे आले, तुम्ही समोर दिसलात म्हणून क्रोसाँ सुचला असं झालेलं नाही.

आणि जमलं तर काकांना कामाला लावा. त्यांच्या लहानपणी क्रोसाँ रोज असायचा का रविवारीच, किती मोठा असायचा, कॉफीत बुडवून खायचे का, हे त्यांना पाच मिनिटं सांगायला लावा. सत्तरीच्या माणसाला लहानपणीच्या खाण्याबद्दल विचारलं की तो तुमचा झालाच, हे आपल्याकडे जेवढं खरं तेवढंच तिकडेही. फक्त पाच मिनिटं म्हणजे पाचच, घड्याळ कुणाकडे तरी देऊन ठेवा.

नवऱ्याचं म्हणणं मी फार मनावर घेणार नाही. त्याच्या ऑफिसचे लोक त्याच वस्तीत राहत असतील तर हसं कुणाचं होईल याची भीती त्याला आहे ते एकदा बघा. त्याला प्लेटा लावायला आणि कापायला घ्या, सुरी दातेरी द्या.

आता तुमचं मुख्य गृहीतक. फ्रेंच लोकांना क्रोसाँ माहीतच असतो, मी काय वेगळं सांगणार. अहो ताई, खाणं माहीत असणं आणि ती गोष्ट माहीत असणं यात केवढा फरक आहे! पुण्यात दहा जणांना उभं करा आणि बाकरवडीचे पदर कसे पडतात विचारा, नऊ जण दुकानाचा पत्ता सांगतील. तसंच तिकडे. घरी क्रोसाँ करणारी माणसं फ्रान्समध्येही थोडीच, तो खाली जाऊन आणायचा प्रकार आहे. मी फ्रान्समध्येच नाँतला दोन वर्षं शिकायला होते, आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी क्रोसाँ खायच्या आणि त्यांना ठाम वाटायचं की त्याचे थर पिठात खूप बटर मळल्यामुळे पडतात. तर त्या हॉलमधल्या, धरा, तीस लोकांना खाण्याचा अनुभव तुमच्याहून कितीतरी जास्त आहे हे कबूलच, पण बटरची लादी पिठाच्या घडीत ठेवून लाटताना हाताला काय लागतं हे त्यातल्या एखाद्यालाच माहीत असेल. बहुतेक तर फक्त तुम्हालाच.

इथे तुम्हाला कुणीतरी नक्की एक सल्ला देईल, कदाचित आत्तापर्यंत दिलाही असेल, की सांगून टाक त्यांना, क्रोसाँ मुळात फ्रेंच नाहीच, तो ऑस्ट्रियाचा. खरं आहे ते. व्हिएन्नाचा किपफेर्ल हा त्याचा पूर्वज, आणि औग्युस्त झांग नावाचा एक ऑस्ट्रियन माणूस, आधी तोफखान्यातला अधिकारी, त्याने १८३० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रिशलिय रस्त्यावर ९२ नंबरला व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, ती इतकी चालली की या सगळ्या प्रकारच्या गोडसर खाण्याला फ्रेंचमध्ये आजही व्हिएनवाझरी म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाकडचा प्रकार. (हाच झांग पुढे बेकरी सोडून व्हिएन्नाला परत गेला आणि १८४८ मध्ये त्याने 'दी प्रेस' नावाचं वर्तमानपत्र काढलं. बेकरीतून पत्रकारितेत गेलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.) पण आज आपण खातो तो पदर सुटलेला क्रोसाँ ही फ्रेंचांचीच करामत, किपफेर्ल ब्रेडसारखा असायचा, पदरांचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आला.

ही गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण सुरुवात हिने करू नका असं माझं मत आहे. कारण सुरुवातीलाच सांगितलीत तर ती ढाल होते. मी परकी असले तरी तुमचा क्रोसाँही परकाच, असा तिचा सूर लागतो, आणि कुणी न विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देत बसता. शेवटाकडे कुणीतरी आपणहून इतिहास विचारेलच, तेव्हा निवांत सांगा.

बहुतेक विचारतील ते १६८३ बद्दल. तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, रात्री जागे असलेल्या बेकरीवाल्यांना भुयार खणल्याचा आवाज आला, शहर वाचलं आणि त्या आनंदात शत्रूच्या झेंड्यावरची चंद्रकोर पिठाची करून खाल्ली, ही गोष्ट फ्रान्समध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असते. मारी आँत्वानेतने क्रोसाँ फ्रान्सला आणला हीसुद्धा. दोन्हीला त्या काळातला पुरावा नाही. आणि ताई, तुलूझच्या वस्तीत अल्जेरिया-मोरोक्कोकडची घरं असू शकतात, त्यांच्यासमोर 'शत्रूची चंद्रकोर खाल्ली' हे हसत हसत सांगणं कसं वाटेल याचा विचार करून ठेवा. 'कथा सुंदर आहे पण तिला कागद नाही' एवढं म्हणून झांगच्या दुकानाकडे वळा, त्याला पत्ता तरी आहे.

मग सुरुवात कशाने करायची? हाताने. म्हणजे अक्षरशः. टेबलावर कच्च्या पिठाचा एक तुकडा आणा, बटरची घडी घातलेला, आणि सुरीने कडेने कापून तो काप पुढच्या रांगेत फिरवा. पिवळी रेघ, पांढरी रेघ, पिवळी रेघ. तीन वेळा तीनपदरी घडी घातली की तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, बटरचे २७ थर, आणि ते बोटभर जाडीच्या पिठात. भट्टीत गेलं की पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, ती वर जायला बघते, बटर तिला वाट देत नाही, म्हणून थर एकमेकांपासून उचलले जातात, आणि यीस्ट आतून फुगवतं ते वेगळंच. हे तुम्ही कापून दाखवलंत ना की तुमचा उच्चार कसा आहे याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, सगळ्यांच्या नजरा त्या रेघांवर.

आणि 'एवढाच माझा वारसा' म्हणून तुम्ही चिरोटे जे झटकून टाकलेत ते मला अजिबात पटलं नाही. आठवा जरा. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घालून साटा करायचा, तो फार पातळ झाला तर पोळीच्या कडेने बाहेर पळतो, फार घट्ट झाला तर लाटताना पोळी फाटते, आणि आई म्हणायची नुसतं तूप नको लावू, पदर चिकटतील. थंडीत तूप गोठायचं आणि परत परत हाताने फेसायला लागायचं. आता तुराजमध्ये, म्हणजे क्रोसाँच्या घड्यांमध्ये वेगळं काय होतं? बटर गार असेल तर लाटताना त्याचे तुकडे होतात, वरून संगमरवरासारखं दिसतं, ऊन झालं तर पिठात मुरतं आणि क्रोसाँचा ब्रियोश, म्हणजे बिनपदरांचा मऊ पाव होतो. चरबी आणि पीठ एकाच मऊपणाला आली पाहिजेत, नाहीतर पदर नाहीत, ही अक्कल तुम्ही सेआपेला शिकलात असं तुम्हाला वाटतं पण बोटांना ती आठव्या वर्षीच आली होती. बोलताना हे एका वाक्यात सांगा, कैफियत म्हणून नको, माहिती म्हणून.

मात्र एक विनंती. वेलची-केशर घातलेला क्रोसाँ करू नका. गुलकंद भरलेला पण नको. मला माहितीये तुमच्या मनात येऊन गेलं असणार, निदान नवऱ्याच्या तरी. एरवी करा, घरी करा, मला पार्सल पाठवा, पण या संध्याकाळी तो केलात की 'भारतीय बाईने भारतीय काहीतरी केलं' हाच कार्यक्रम होऊन बसतो आणि काका जिंकतात.

भाषेचं एक सांगते. तुम्ही हा धंदा शिकलात फ्रेंचमध्ये. पीठ मळून ठेवतात ते देत्राँप, घड्या म्हणजे तुराज, अंड्याचा हात म्हणजे दोर्यूर, यातल्या एकाही शब्दाला तुमच्या डोक्यात आधी मराठी शब्द येत नाही ना? म्हणजे या एका विषयापुरती तुमची मातृभाषा फ्रेंच आहे. मुलीच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये अडखळत असाल, ओट्यापाशी अडखळत नसणार. म्हणून भाषण लिहून पाठ करू नका, ओट्यापाशी उभ्या राहून बोला, हातात काहीतरी असू द्या. आणि पोटात चॉकलेट असलेल्या क्रोसाँच्या भावंडाला तुलूझमध्ये चुकूनसुद्धा पँ ओ शोकोला म्हणू नका हो, शोकोलातीन म्हणा, नाहीतर मात्र खरंच परक्या ठराल.

आता कंस.

'गेल्या वर्षभरात हाताने एकही केलेला नाही.' मला वाटतं तुम्हाला भीती काकांची नाहीये आणि उच्चारांचीही नाही. इतकं शिकून, परीक्षा देऊन, तुम्ही रोज पहाटे जाऊन खोक्यातून काढलेले क्रोसाँ ट्रेवर मांडता, आणि तीस लोकांसमोर जाणकार म्हणून उभं राहायचं म्हटल्यावर तेच टोचतंय. हे मी चुकीचं वाचलं असेल तर तसं कळवा. पण बरोबर असेल तर नाही म्हणून टाकल्याने हे टोचणं जाणार नाही, उलट अजून रुतेल.

आधी त्यातला नैतिक गुंता सोडवू. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्याप्रमाणे दुकानावर बुलाँजरी अशी पाटी लावायची तर पाव तिथेच मळून, आकार देऊन, भाजलेला लागतो आणि मधे कुठेही गोठवलेला चालत नाही. पण हे सगळं पावाबद्दल. क्रोसाँ त्यात येत नाही. म्हणजे तुमचं दुकान काही बेकायदेशीर करत नाहीये, आणि असं करणारं ते एकटं दुकान नाही. कारणंही उघड आहेत. क्रोसाँला सांगून दोन दिवस लागतात, मधे मधे फ्रीजमध्ये जागा अडते, लाटणारा हात शिकलेला लागतो आणि त्या हाताला पहाटे तीन-चारला उठावं लागतं, आणि एवढं करून तो विकायचा युरो-सव्वा युरोला. मालकाच्या जागी मी असते तर मीही खोकं मागवलं असतं बहुतेक.

तर कुणी विचारलं तर काय? तीन वाटा दिसतात. खोटं बोलायचं, ते नको, तीस जणांतला एक तरी तुमच्या दुकानामागे लागणारा गोठवलेल्या मालाचा ट्रक सकाळी बघत असतो. खरं सांगायचं, तर ते तुमच्या एकटीचं नाही, मालकाच्या धंद्याची आतली गोष्ट चारचौघांत सांगणं नोकरीला भारी पडू शकतं, तुमच्या करारात गुप्ततेचं काही कलम आहे का ते आधी वाचा. तिसरी वाट म्हणजे 'त्याबद्दल मी आज बोलणार नाही' असं म्हणायचं, पण ते तर सगळ्यात वाईट, तसं म्हटलं की सगळ्यांना उत्तर कळलंच!

म्हणून मी म्हणेन चौथी. सुरुवातीलाच नियम सांगून टाका की आज कुठल्याच दुकानाचं नाव घ्यायचं नाही, आवडत्याचं नाही आणि नावडत्याचंही नाही, प्लेटांना फक्त नंबर. असले नियम चाखण्याच्या कार्यक्रमात असतातच, कुणाला काही वाटणार नाही. आणि फ्रोझन क्रोसाँ ओळखायचा कसा हा भाग भाषणातून सरळ काढून टाका. लोकांना तो फार आवडतो, मला माहितीये, पण तुम्ही शनिवारी संध्याकाळी शिकवलंत की रविवारी सकाळी तेच तीस लोक तुमच्या काउंटरसमोर उभे राहून तुमचेच क्रोसाँ निरखणार. त्याऐवजी बटर आणि मार्गारीन (तेलापासून केलेलं बटरसारखं) हा फरक शिकवा. तो जास्त कामाचा आहे आणि त्यात कुणाची पोटाची पंचाईत नाही. तरीही कुणी थेट विचारलंच की तुमच्या दुकानात कोण करतं हो, तर 'दुकानाला विचारा ना, सकाळी येऊन' एवढंच, आणि पुढची प्लेट.

हे सगळं करायच्या आधी मालकाला सांगा मात्र. परवानगी मागायला नको, वेळ तुमची, हॉल मंडळाचा. पण असा कार्यक्रम आहे, मी दुकानाचं नाव घेणार नाहीये, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे, गिऱ्हाइकाच्या तोंडून नको. कदाचित तो खूशही होईल.

आता प्रत्यक्ष चाखण्याचं. तीस माणसं धरली आणि चार प्लेटा ठेवल्या तर एका क्रोसाँचे तीन तुकडे करून प्रत्येक प्रकारचे १० लागतात, एकूण ४०. एका माणसाच्या पोटात सव्वा-दीड क्रोसाँ जातो, त्यापुढे जीभ काही सांगत नाही. पहिली प्लेट सुपरमार्केटमधल्या साध्या क्रोसाँची, ज्याच्या पाकिटावर 'ओ बर' लिहिलेलं नाही, म्हणजे त्यात बटरऐवजी दुसरी चरबी. दुसरी तिथलाच शुद्ध बटरचा. तिसरी गावाच्या दुसऱ्या टोकाला जो कुणी स्वतः करतो त्याची, हे त्याला विचारून घ्या, जो करतो तो अभिमानाने सांगतो. चौथी तुमची. चारी झाकून ठेवा, कारण फ्रान्समध्ये वाकडा म्हणजे मार्गारीनचा आणि सरळ म्हणजे बटरचा अशी समजूत आहे, तो रिवाज आहे, कायदा नाही, पण आकार दिसला की लोक तोंडात घालायच्या आधीच ठरवून टाकतात.

खायच्या आधी ऐकायला लावा. कानाशी धरून दाबायचा, चुरचुर आवाज आला पाहिजे आणि सोडल्यावर तो परत वर आला पाहिजे. मग आडवा कापून जाळी बघायची. तुम्ही म्हणाल अल्व्हेओलाज, पण मनात आपली अनारशाची जाळीच धरा, मोठी, मोकळी, मधाच्या पोळ्यासारखी, तळाशी चिकट पट्टा नको. मग वास, मग तोंडात. बटर अंगाच्या उष्णतेला वितळतं त्यामुळे ते जिभेवर येऊन निघून जातं, मार्गारीन मात्र जास्त तापमानाला वितळणारं असतं म्हणून टाळूला मेण लावल्यासारखं राहतं. आपल्याकडची वनस्पतीतली खारी खाऊन चहा प्यायला की टाळूला जे जाणवतं ना, अगदी तेच. मधे घोटभर पाणी. कॉफी शेवटी, आणि काकांना बुडवायचं असेल तर तेव्हा बुडवू दे.

भट्टीतून काढल्या काढल्या देऊ नका, वीस मिनिटं तरी थांबा, गरम असताना आतून ओला लागतो. हॉलमध्ये ओव्हन नसेल तर घरी भाजून कागदी खोक्यातून न्या, झाकणाच्या डब्यातून नेलात तर वाफ धरून पार पोळी होईल. ओव्हन असेल तर एक ट्रे तिथेच लावा, लोक येतानाच वास आला पाहिजे, तुमचं निम्मं भाषण तो वासच करेल. युरोपात १४ ॲलर्जींची ठरलेली यादी आहे, त्यातले गहू, दूध आणि अंडं तुमच्या प्लेटेत नक्की असणार, तेव्हा टेबलावर एक कागद लावा. आणि सगळं मंडळाच्या नावावर होऊ द्या, त्यांचा विमा आहे का ते विचारून घ्या. हे कंटाळवाणं आहे पण एकदा विचारलं की डोक्याचा ताप जातो.

थोडं बाकीच्या वाचकांसाठी, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. कुणी नागपुरात जर्मन शिकवतं आणि 'तुम्ही कधी जर्मनीला गेलात का' या प्रश्नाला घाबरतं, कुणी सुनेच्या माहेरची मासळीची आमटी करून त्या माहेरच्यांनाच वाढायला बिचकतं. तुम्हाला सगळ्यांना एकच विचारेन, तुम्ही ती गोष्ट केलीये का, किती वेळा केलीये, बिघडली तेव्हा काय केलंत. बिघडलेल्याचं सांगता येत असेल तर बोला खुशाल. आणि कुणाला आपल्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये असा क्रोसाँचा बेत करायचा असेल तर तो डिसेंबर-जानेवारीत करा, मे महिन्यात बटर तुमच्या डोळ्यांदेखत पिठातून पळून जाईल. आपल्या नेहमीच्या टेबल बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास आणि वर मीठ, फ्रान्समध्ये साधं ८२ टक्क्यांचं आणि घड्यांसाठीचं खास कोरडं बटर ८४ टक्क्यांचं मिळतं, त्यामुळे बिनमिठाचं आणता येईल तेवढं चांगलं आणा आणि फार लाटत बसू नका. वरून अंडं चालत नसेल तर दुधाचा हात द्या, रंग जरा फिका येईल.

परत तुमच्याकडे, ताई. कार्यक्रमाला महिना-दीड महिना आहे. तेवढ्यात घरी तीन वेळा करा. अर्धा किलो मैदा आणि पाव किलो घड्यांचं बटर घेतलं की बारा-चौदा होतात, म्हणजे कार्यक्रमाला दोनदा करायचं, एकदा प्लेटेसाठी आणि एकदा हॉलमधल्या ट्रेसाठी. बटर शारांत-प्वातूचं मिळालं तर बघा, त्या बटरने केलेल्या क्रोसाँची तिकडे स्पर्धासुद्धा भरते, तेव्हा बोलायला तेवढाच एक विषय. दुसऱ्या खेपेचे चांगले झाले तर चार मालकाला नेऊन द्या, कागदात गुंडाळून, काही न बोलता. तो खाऊन काय म्हणतो बघा, आणि बरं म्हणाला तर विचारा, की शनिवारी सकाळी तीस-चाळीस मी हाताने करून ठेवले तर? कदाचित नाही म्हणेल, त्याचा हिशोब त्याला. पण विचारल्याशिवाय सोडू नका.

पहिली खेप या शुक्रवारी रात्री लावा. पीठ मळून फ्रीजमध्ये, बटर कागदात घालून लाटण्याने ठोकून चौकोनी करून तेही फ्रीजमध्ये. शनिवारी सकाळी बटर काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा आणि कोपरा धरून वाकवून बघा, मोडलं तर अजून पाच मिनिटं, बोटाला लागलं तर परत आत. आणि वर्षभर हात लागलेला नाही तेव्हा पहिल्या खेपेला बटर एखाद्या कडेने बाहेर येईलच, त्यावर मैदा भुरभुरवा, पुढे चला, आणि भाजून झाल्यावर मधोमध कापून मला फोटो पाठवा.